कावळा येईपर्यंत लाइव्ह

मंगळवारी माझी बायको सुनंदा वारली. दहाव्या दिवशी माझे प्रेक्षक दोनावरून चार हजारांवर गेले.

निवृत्तीनंतर मी नंदनवन वस्तीतल्या घरातून रोज संध्याकाळी मोबाइलवर लाइव्ह पुस्तक वाचत असे. दोन वर्षांत दोन प्रेक्षक टिकले. एक माझाच जुना फोन, दुसरी सुनंदा. ती स्वयंपाकघरात बसून फोनवर ऐकते, अशी माझी समजूत होती. (शेजारच्या खोलीतला आवाज ऐकायला फोन कशाला लागतो, हा प्रश्न जन्मभर ग्रंथपाल राहूनही मला पडला नाही.)

आमची मुलगी मेघा परदेशात, दिवस भरत आलेले. तिला विमानात बसू देईनात. आईच्या पिंडाला कावळा शिवताना पाहायचंय, एवढंच तिनं मागितलं. म्हणून दहाव्याला घाटावर मी फोन काठीला बांधला, आणि सवयीनं आपल्या चॅनेलवरूनच सगळ्या जगासाठी लाइव्ह सुरू केलं.

कावळा येईना. मेहुणा सुधाकर कळमेश्वरहून आला होता. त्यानं हात जोडून बहिणीला शब्द दिला, की तिची शिलाई मशीन भंगारात जाणार नाही. कावळे झाडावर बसून राहिले. तेवढ्यात फोनवर अनोळखी लोक जमू लागले. बाईंना श्रीखंड आवडायचं का, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं पैज लावली. एकीनं अश्रूंची चित्रं पाठवून खाली गांधीबागेतल्या आपल्या साडीच्या दुकानाचा पत्ता दिला. उत्तमोत्तम पुस्तकांकडे दोन वर्षं पाठ फिरवलेली ही जनता आता भाताच्या गोळ्याकडे डोळे लावून बसली होती!

मला त्यांचा तिटकारा आला. पाठोपाठ वाटलं, एवढे लोक पुन्हा कधी मिळणार? पिशवीत पुस्तक होतंच. (लग्नातही होतं.) मी फोन स्वतःच्या तोंडाकडे वळवला आणि म्हणालो, "तोवर एक प्रकरण वाचू या."

'बाबा, सरका. मले पिंड दिसून नाही राहिला,' असं मेघानं पुन्हा पुन्हा लिहिलं. ते मी नंतर पाहिलं. तेव्हा मी पुस्तकात होतो.

पान उलटतोय तोच सुधाकर हळूच म्हणाला, "शिवला."

मी घाईघाईनं फोन फिरवला. पत्रावळीवर विखुरलेला भात होता. कावळा उडून गेला होता.

"भाऊजी, तुमी वाचाले बसले आन् बाई उठून गेली," सुधाकर म्हणाला. "घरीबी असंच करे."

"घरी ऐकायची ती."

"काय आयके! फोन डाळीच्या डब्याले टेकवून ठेवे, तुमचा आकडा पडू नये म्हनून. आन् जाये शेजारी गप्पा माराले."

मी पडद्याकडे पाहिलं. चार हजारांतले दोन उरले होते. एक घरी राहिलेला माझा जुना फोन, दुसरी मेघा.

मेघाला मुलगा झाला. नातू फोनवर दाखवताना ती मला बजावते, "बाबा, वाचू नका."

चॅनेल सुरू आहे. संध्याकाळी सुनंदाचा फोन मीच डाळीच्या डब्याला टेकवून ठेवतो आणि वाचायला बसतो. आकडा दोन आहे.