साडभाऊंची मॅडम

ज्या गोष्टीची भीती वाटते ती उचलून घरी आणायची आणि तिच्यासोबत संसार करायचा, असा स्वभाव असलेला अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते अकोल्याला राहतात, आम्ही अमरावतीला. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणून मीही त्यांना साडभाऊच म्हणतो. आयुष्यभर ते शाळेत पीटीचे मास्तर होते. दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा देह आणि शिट्टी न वाजवताही मैदानाच्या पार टोकाची पोरं जागच्या जागी उभी राहावीत असा आवाज. पण एवढ्या मोठ्या छातीत काळीज मात्र चिमणीचं. ते कुत्र्याला घाबरत, विजेच्या बटणाला घाबरत, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला घाबरत. फक्त घाबरून पळून जाणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. विजेची भीती वाटते म्हणून त्यांनी घराचं वायरिंग स्वतःच्या हातांनी केलं. आजही त्यांच्या दाराची बेल दाबली की स्वयंपाकघरातला पंखा सुरू होतो. इंग्रजीची भीती वाटते म्हणून इंग्रजी पेपर लावला आणि तो रोज सकाळी अंगणात कवायतीच्या आवाजात वाचू लागले. सगळ्यात जास्त धाक त्यांना सासूबाईंचा होता. सासरे गेल्यावर बाकी सगळे इकडेतिकडे बघत असताना साडभाऊंनीच सासूबाईंची पेटी उचलली आणि त्यांना अकोल्याला नेलं. त्या शेवटपर्यंत तिथे राहिल्या, शेवटपर्यंत त्यांना रागावत राहिल्या, आणि हात वर जाईनासे झाले तेव्हा त्यांची वेणी हे पीटीचे मास्तरच घालून देत.

कोळ्याची भीती त्यांनी बरीच वर्षं लपवून ठेवली होती. ती उघड झाली आमच्याच घरी. आंघोळीला गेलेले साडभाऊ साबण लावलेल्या अंगाने, टॉवेल सावरत बैठकीत आले आणि माझ्या सोसायटीतल्या चार पाहुण्यांसमोर उभे राहून म्हणाले, "न्हानीत कोनीतरी हाय." ते कोनीतरी म्हणजे चवलीच्या नाण्याएवढा कोळी होता. त्या दिवशी सगळे हसले. साडभाऊही हसले, पण मला त्यांचा चेहरा बघून शंका आली की आता हे काहीतरी आणणार. तसंच झालं. त्यांच्या मुलीच्या पुण्याच्या ऑफिसातला एक मुलगा परदेशी चालला होता आणि त्याच्याकडे पाळलेला एक टॅरँट्युला होता. टॅरँट्युला म्हणजे तळहाताएवढा, अंगभर केस असलेला कोळी. मुलीने सहज फोनवर सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात साडभाऊ सगळ्या रीतसर कागदांसह काचेची पेटी मांडीवर घेऊन पुण्याहून परतले. ही मादी आहे आणि तिची जात फार शांत, नवशिक्याला सांभाळायला सोपी, असं त्या मुलाने सांगितलं होतं. "माह्या अख्ख्या नोकरीत शांत सोभावाची एकबी मॅडम भेटली नाही," साडभाऊ मला फोनवर म्हणाले, "आता भेटली." तेव्हापासून तिचं नाव मॅडम.

ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, त्या दिवशी जाहीर केलं की ज्या खोलीत ते जनावर आहे त्या खोलीत त्या पाय ठेवणार नाहीत. साडभाऊंनी ते मान्य केलं, कारण खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांचाही पाय आत पडत नव्हता. ते दारात खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच मॅडमची चौकशी करत. मग खुर्ची रोज थोडी थोडी पुढे सरकू लागली. पेटीत नारळाच्या काथ्याचा भुसा, लपायला अर्धी फुटकी कुंडी, पाण्याला बाटलीचं झाकण, एवढाच मॅडमचा संसार. ती दिवसभर कुंडीच्या तोंडाशी बसून असे. हलत नसे. "काय करून राहिली?" असं विचारलं की साडभाऊ अभिमानाने सांगत, "काहीच नाही." तिला खायला जिवंत रातकिडे लागतात आणि शेतातल्या किड्यांवर फवारणी झालेली असते, म्हणून साडभाऊंनी बादलीत रातकिडेही पाळले. ते रात्रभर गात आणि ताई रात्रभर त्यांच्या नावाने बोलत. नवशिका माणूस अतिप्रेमाने चुका करतो, तशा साडभाऊंनीही केल्या. मॅडम फुगून लाडवासारखी होईपर्यंत तिला खाऊ घातलं. मग तिने जेवण सोडलं, तर यांनीही रात्रीची भाकर सोडली. एकदा पाण्याचं झाकण काढताना यांचा चिमटा तिला लागला आणि तिने मागच्या पायांनी पाठीवरचे केस उडवले. साडभाऊ आठवडाभर हात खाजवत होते. "चूक माहीच व्हती," ते म्हणाले. "न विचारता आंगाले हात लावला तं कोन आयकून घेईन?" अकोल्याच्या मे महिन्यात माणसं भाजून निघतात, त्या उन्हाळ्यात घरातला एकमेव चांगला कूलर मॅडमच्या खोलीत गेला. नाइलाजाने ताईंची खाटही त्या खोलीत गेली, पण तोंड भिंतीकडे करून.

त्याच उन्हाळ्यात साडभाऊंच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लगेच ऑपरेशन करा. आमच्या अमरावतीच्या एका दवाखान्यात करायचं ठरलं आणि मी गाडी घेऊन अकोल्याला गेलो. साडभाऊ तयार होऊन ओट्यावर बसले होते, पण उठेनात. मॅडमला एवढ्या उन्हात बंद घरात ठेवून आपण येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं, मुलीने फोनवरून समजावलं. शेवटी ताई आत गेल्या आणि ती काचेची पेटी दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून बाहेर आल्या. साडभाऊ मागच्या सीटवर आडवे झाले, मी गाडी चालवायला, तेव्हा पेटी ठेवायला एकच जागा उरली. मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीपर्यंत मॅडम ताईंच्या मांडीवर आल्या. खड्डा आला की ताई पेटी छातीशी धरत आणि म्हणत, "जवाईबापू, हळू चालवा न." कोणासाठी हळू, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. मुलगी पुण्याहून आली होती, ती दवाखान्यात थांबायची आणि ताई आमच्या घरून ये-जा करायच्या. पेटी आमच्या बैठकीत, टीव्हीशेजारी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत असताना ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "गेली ते," त्या म्हणाल्या. मी जाऊन पाहिलं. मॅडम उताणी पडली होती, आठही पाय वर. ताई खाली बसल्या आणि रडू लागल्या. ऑपरेशनच्या दिवशी, थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागला होता तेव्हाही, ही बाई रडली नव्हती. "यायले कसं सांगू?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आम्ही ठरवलं, साडभाऊ घरी येईपर्यंत सांगायचं नाही. मॅडमला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरायचं काम माझ्या बायकोने अंगावर घेतलं आणि मी ताईंना घेऊन दवाखान्यात गेलो.

साडभाऊंच्या नाकात नळी होती, हातात सुई होती, आणि पहिला प्रश्न तोच होता. "मॅडम कशी हाय?"

"बरी हाय," मी म्हणालो.

त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंना आयुष्यात कधी खोटं बोलता आलेलं नाही. "निजली हाय," त्या म्हणाल्या.

"निजली? कशी निजली?"

ताई त्यांची चादर सरळ करत म्हणाल्या, "उतानी."

साडभाऊ एकदम उठायला गेले. मशीन वाजू लागलं, सिस्टर धावत आल्या. त्यांना दोन्ही खांद्यांना धरून आडवं केलं तरी ते माझ्याकडे बोट करून, फाटलेल्या आवाजात सांगत होते, "हात नोका लावू तिले. मेली नाही ते. कात टाकून राहिली. कात टाकताना उतानीच होते ते. कोनी हात लावला तं मरून जाईन."

मी व्हरांड्यात जाऊन बायकोला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती म्हणाली, "खड्डा खणत होते, हात मातीचे होते. आता उचलतेच तिला." मी तिला काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण माझा आवाज ऐकून पलीकडच्या वॉर्डातले नातेवाईक बाहेर आले होते. बायको पेटीपाशी गेली. वाकून पाहिलं. मग म्हणाली, "अहो, हिचा एक पाय हलतोय."

मी ताईंना घेऊन लगेच घरी परतलो. दुपारपर्यंत आमच्या टीव्हीशेजारी दोन मॅडम होत्या. एक जुनी, रिकामी, पोकळ. आणि बाजूला दुसरी, ओल्या मखमलीसारखी काळी, दमून बसलेली. ताईंनी तिच्यासाठी पंख्याचा वेग कमी केला. संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी साडभाऊंना सगळं सविस्तर सांगितलं: पाठ कशी उकलली, पाय एकेक करून कसे ओढून काढले, मध्ये ती किती वेळ थांबली. साडभाऊ डोळे मिटून ऐकत होते. ते स्वतः तिला कात टाकताना कधीच बघू शकले नव्हते.

परवा मी अकोल्याला जाऊन आलो. साडभाऊंचा आवाज आता पूर्वीचा राहिलेला नाही. पेपर मनातल्या मनातच वाचतात, आणि दोन वाक्यं बोलली की थांबून श्वास घेतात. हात कापतो, म्हणून मॅडमला खाऊ आता ताई घालतात. ताई लांब चिमट्यात रातकिडा धरून पेटीपाशी बसल्या होत्या, आणि साडभाऊ बाजूला खुर्चीत बसून सूचना देत होते. मी थोड्या वेळापूर्वीच ओट्यावर त्यांना विचारलं होतं की ही जगते तरी किती. या जातीच्या माद्या वीस-वीस वर्षं जगतात, ते म्हणाले होते, आणि ही अजून तरणीच आहे. एवढं बोलून ते दुसरीकडे पाहू लागले होते.

आता नेमकं ताईंनी तेच विचारलं. रातकिडा सोडून, झाकण लावता लावता, सहज. "किती वर्सं असते हो याइचं आयुष्य?"

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असन अजून तीन-चार वर्सं. आपल्यासंगच सरन तिचं बी."

ताईंचा हात झाकणावर तसाच राहिला. "इतकेच?" त्या म्हणाल्या.

त्या पेटीत बघत होत्या. साडभाऊ त्यांच्याकडे बघत होते. श्वास घेऊन ते हळूच म्हणाले, "नाही. जास्त जगते ते. लय वर्सं जगते."