कण्यातल्या अर्ध्या ओळी

वाचनालयातल्या बाइंडरकाकांचा हात असा साफ, की त्यांनी बांधलेलं पुस्तक पोरांनी जमिनीवर आपटलं तरी कणा सुटायचा नाही. बोलणं मात्र मोजकं. लग्नाच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. घरात ते आणि चार वर्षांनी मोठी ताई.

ताईचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. शाळा सुटली की भाऊ मैदानावर हुंदडायचा, ती खिडकीत बसायची. मग 'गल्लीतले चौघे' ही रहस्यमाला हाती पडली आणि त्या खिडकीचं सोनं झालं. चौघांतली धाकटी ताईसारखीच लंगडी. बाकीचे तिघे चोरामागे धावून धावून दमायचे आणि ही बसल्या जागी चोर ओळखायची. "बघ, पळणाऱ्यांना काही दिसत नाही," ताई भावाला ऐकवायची. पुढे गल्लीत कोणाची किल्ली हरवली तरी पोरं आधी ताईच्या खिडकीखाली जमायची. एवढा मान तिला पुन्हा कधी मिळाला नाही.

सत्तरीनंतर साखरेनं तिचे डोळे नेले, मग तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. त्याच संध्याकाळी ताई म्हणाली, "मला चौघे वाचून दाखव. तो घड्याळवाला भाग."

काकांनी वाचनालयातून नवी आवृत्ती आणली. चकचकीत, जाडीनं निम्मी. यातल्या पोरांना चोर शोधायला डोकं लागत नाही, फोन पुरतो. ताई त्यावर हसली. मग काकांनी वाचलं, 'धाकटी तीन-तीन पायऱ्या उतरत चोरामागे धावली.'

"थांब. कोण धावली?"

"धाकटी."

"धावली कशी?"

ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "तिलाही बरी केली का रे त्यांनी? मग खिडकीत कोण बसलंय?"

जुने भाग कुठे गेले, हे काकांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. नवा संच आल्यावर जुनी पुस्तकं बाद ठरली आणि ती फाडली काकांनीच. बाइंडर कागद टाकत नाही. पानांच्या उभ्या पट्ट्या कापून त्यांनी जाडजूड कोशांच्या कण्यांना आतून चिकटवल्या होत्या. तेव्हा त्यांना काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ग्रंथपाल मॅडमसमोर उभे राहिले. "चौघेंचा नवा संच आला त्या वर्षी बांधलेले सगळे कोश परत बांधायला काढतो."

"अहो काका, चांगले धडधाकट आहेत की!"

"माझं काम कच्चं राहिलंय, मॅडम." आपल्या हाताला त्यांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा नाव ठेवलं, तेही खोटं.

ओल्या स्पंजनं खळ भिजवायची, हलक्या हातानं सोलायचं. चौथ्या दिवशी एका शब्दकोशाच्या कण्यातून घड्याळवाल्या भागाची पट्टी निघाली. प्रत्येक ओळ अर्धी. ती घेऊन काका ताईच्या उशाशी बसले.

"'धाकटी खिडकीतून...'"

"'...हललीच नाही!'" ताई ताडकन म्हणाली.

"'तिच्या लक्षात आलं, घड्याळ...'"

"'...बंद पडलं नव्हतं, कोणीतरी थांबवलं होतं!'"

पट्टी संपेपर्यंत ती अशीच पुढचं सांगत राहिली, बारा वर्षांच्या मुलीसारखी घाईघाईनं. काकांना राहवेना. "ताई, ही पानं मीच कापली गं."

"मग जरा रुंद कापायचीस," ती म्हणाली. "उद्या पुढची आण. आणि चोर कोण ते आधी सांगू नकोस हं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढची पट्टी निघाली. ती टिपकागदात ठेवत असतानाच शेजारच्या काकूंचा फोन आला. काका घरी पोचले तेव्हा पट्टी अजून ओलीच होती आणि ताई गेलेली होती.

आलेगेले पांगल्यावर ते तिच्या खिडकीत बसले. पट्टी हातात धरून मोठ्यानं वाचू लागले. "'धाकटी म्हणाली, दादा, तू धाव. मी...'"

पुढे कापलेली कड. चोर कोण हे त्यांना आठवत होतं, पण धाकटी काय म्हणाली ते नाही. हे पान त्यांनी कधी धड वाचलंच नव्हतं; त्यांना नेहमी मैदानावर जायची घाई. काकांना रडू कोसळलं. डोळे पुसून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि कडेशी येऊन ताईसाठी थांबले.