बोळातल्या नळाचा विषय

समस्त नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, येत्या गुरुवारी सकाळी ठीक अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात सर्वसाधारण सभा भरणार असून, तीत पेठेच्या भवितव्यावर दूरगामी परिणाम करणाऱ्या सतरा विषयांचा फडशा पाडण्यात येणार आहे. मोकाट डुकरे, विषय क्रमांक तीन. स्मशानभूमीतील बंद दिवा, विषय क्रमांक नऊ. सर्वांनी नोंद घ्यावी.

हा मजकूर माझा आणि अक्षरही माझंच. नव्वदच्या दशकात मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात हायस्कूलला चित्रकला शिकवत होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला लग्नाला बोलावतात. तालमीच्या भिंतीवर एक काळा फळा होता. शाळेतून आणलेल्या रंगीत खडूंनी मी त्यावर पालिकेचे विषय लिहायचो. वर तोरण, खाली वेलबुट्टी. डुकरांच्या विषयाला एकदा मी डुकरूसुद्धा काढलं होतं, तर लोक दोन दिवस त्याच्यापुढे पोरं घेऊन येत होते.

हे सगळं आमच्या नगरसेवकांच्या सांगण्यावरून चाले. ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीवर असलेले. सभेच्या आदल्या संध्याकाळी ते फळ्यासमोर सावधानमध्ये उभे राहत आणि एकेक विषय मोठ्यांदा वाचून दाखवत. लोकांना अंधारात ठेवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. वाचण्याआधी माझा मजकूर तपासत.

"मास्तर, फडशा नको. विचारविनिमय लिवा."

"आबा, विचारविनिमयाला जागा लय लागते."

"मग डुकरू पुसा की!"

अशी आमची करमणूक. ऐकायला दहा-पंधरा माणसं जमत. त्यांत एक बाई कधी चुकत नसे. ती तालमीशेजारच्या बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवायची. विधवा, पन्नाशीची, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी. सगळं वाचन संपेपर्यंत गप्प उभी राहायची आणि शेवटी एकच विचारायची.

"भावजी, आमचं नळाचं कितवं?"

नळाचं म्हणजे असं. बोळातल्या नळाचा लोखंडी पाइप गटारातून गेलेला होता. चांगला वीतभर गटाराच्या पाण्याखाली. पाइप जागोजागी गंजलेला. सकाळी तासभर पाणी यायचं, आणि पाणी गेलं की पाइप उलटा श्वास घेऊन गटार आत ओढायचा. त्या उन्हाळ्यात बोळातल्या चौघांना कावीळ झाली. एकजण गळ्यात काविळीची माळ घालून फिरायचा आणि ती रोज किती लांबली ते सगळ्यांना दाखवायचा. पाइप गटारातून काढून वरून न्यायचा, एवढाच विषय होता. कामाला दोन दिवस पुरले असते.

गिरणीवालीची घाई वेगळीच होती. तिची एकुलती एक लेक सांगलीला दिलेली. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येणार होती. लेक यायच्या आत नळ सुधारावा, इतकंच तिचं म्हणणं. पेठेतला डॉक्टर तिला म्हणाला होता, "पोटुशी बाईला कावीळ झाली तर माझ्याकडे आणू नका, मला झेपायचं नाही." त्या दिवसापासून बाईनं गिरणीच्या मागं पाणी उकळायची चूल मांडली होती.

"अकरावं हाय, वहिनी," नगरसेवक म्हणाले. "ह्या सभेला होऊन जातंय."

गुरुवारी सभा भरली आणि दहा मिनिटांत उठली. एक माजी नगराध्यक्ष नव्वदीत वारले होते. आमच्या पालिकेची एक परंपरा होती. सभेच्या सुरुवातीला दुखवट्याचा ठराव झाला की सभासदांनी दोन मिनिटं उभं राहायचं, आणि मृताच्या सन्मानार्थ त्या दिवशीचं कामकाज तहकूब करायचं. मग चहा आणि खारी. परंपरा कुणी घातली ते कुणाला माहीत नव्हतं, पण डुकरांपासून दिव्यापर्यंत सगळे विषय तिच्यापुढे हात जोडून उभे असत.

पुढच्या महिन्यात नळ चौदावा झाला. लेक तोवर आली होती. गोल चेहऱ्याची, हसरी. संध्याकाळी आईचा हात धरून फळा बघायला यायची. मला म्हणाली, "मास्तर, आमच्या नळाला पण चित्र काढा की. डुकरालाच का मान?" मी नळ काढला. त्यातून निळ्या खडूचं पाणी सोडलं, स्वच्छ, भरपूर. गावात तेवढंच स्वच्छ पाणी.

त्या सभेच्या आदल्या दिवशी जिल्ह्यातले एक मोठे पुढारी गेले. दोन मिनिटं, तहकूब, चहा, खारी. मृत्यूला आमच्या पालिकेचं वेळापत्रक पाठ असावं, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणालो होतो. लोक पोट धरून हसले. गिरणीवालीही हसली. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

नगरसेवक मात्र चिडले. इरेला पेटून त्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलाशी ठिय्या मारला आणि नळाचा विषय पहिल्या क्रमांकावर आणला. सभेच्या आदल्या दिवसाची वाट न बघता त्यांनी ते त्याच संध्याकाळी वाचलं, तेव्हा त्यांचा आवाज फुटायचा बाकी होता. "विषय क्रमांक एक! बोळातील नळ!" लोकांनी टाळ्या दिल्या. ती सभा यायला अजून बारा दिवस होते.

लेकीचे डोळे पिवळे झाले ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी. आईनं घोट न् घोट उकळून पाजला होता. तरी कुठलं पाणी पोटात गेलं, डोहाळजेवणाचं सरबत होतं की चूळ भरताना गेलेला थेंब, कुणालाच सांगता आलं नाही. सांगलीहून जावई जीप घेऊन आला. तिला मिरजेला नेलं. चौथ्या दिवशी ती गेली, पोटातलं बाळही गेलं. बाई परत आली ती एकटीच, एसटीनं. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद होती. नंतरही बरेच दिवस बंदच राहिली.

आता माझा भाग सांगतो. सभेच्या आदल्या दिवशी नगरसेवक माझ्या खोलीवर आले. टोपी हातात.

"मास्तर, मोठी माणसं मेली की सभागृह उभं ऱ्हातं. आपल्या पोरीसाठी का न्हाई? चार वळी लिवून द्या. चांगल्या लिवा."

मी चांगल्याच लिहिल्या. तीन वेळा खोडून लिहिल्या. 'उमलण्याआधीच' वगैरे सगळं घातलं. मास्तरची भाषा एकदाची सभागृहात जाणार होती. रजा टाकून मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसलो.

नगरसेवकांनी तो ठराव वाचला. आवाज कवायतीचा. एका गिरणीवालीच्या लेकीसाठी सगळे सभासद उभे राहिले. विरोधी बाकावरचा एकजण रुमालानं डोळे पुसत होता. माझ्या छातीत काहीतरी भरून आलं. त्यात दुःख किती आणि माझ्या वाक्यांचं कौतुक किती, ते आज सांगवत नाही.

दोन मिनिटं झाली. सगळे खाली बसू लागले. मग अध्यक्ष फार मायेनं म्हणाले, "परंपरेप्रमाणे आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

नगरसेवक अर्धे बसले होते, ते तसेच राहिले. "अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "पयला विषय तेवढा..."

"हवालदार, असं कसं?" अध्यक्षांना खरंच वाईट वाटलं होतं. "मोठ्यांसाठी सभा तहकूब करतो, मग गरिबाच्या लेकीला कमी मान द्यायचा का?"

दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. त्या सभागृहात सत्ताधारी आणि विरोधक एकमतानं वागलेले मी त्याच दिवशी पाहिले. हवालदार खाली बसले. वरिष्ठांचा हुकूम झाला की बसायचं, हे त्यांना बावीस वर्षं शिकवलं होतं. माझ्या लक्षात यायला मात्र चहा येईपर्यंत वेळ लागला. कपात खारी बुडवली आणि मग कळलं की नळ मी अडवला. माझ्या चार ओळींनी.

संध्याकाळी नगरसेवक तालमीपाशी आले. लोकांना अंधारात ठेवायचं नाही, हा खाक्या त्यांनी त्या दिवशीही सोडला नाही. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. गिरणीवाली पुढे उभी होती. अंगावर पीठ नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा मी तिला ओळखलंच नाही. बाई सावळी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी ठराव पुन्हा वाचला, माझ्या सगळ्या फुलांसकट. मग म्हणाले, "सगळं सभागृह उभं ऱ्हायलं, वहिनी. मोठ्या माणसाला देत्यात त्यो मान दिला. सभा तहकूब केली."

बाईनं पदर सावरला.

"आन आमचं नळाचं?"

"फुडच्या सभेला. पयलंच हाय."

मी फळ्याकडे बघत होतो. माझा निळा नळ अजून तसाच वाहत होता.

बाई कुणावर ओरडली नाही. पण तिचा आवाज पार बोळाच्या टोकापर्यंत गेला.

"भावजी, फुडच्या टायमाला कुणासाठी उभं ऱ्हाऊ नगा. बसा, आन आधी नळाचं घ्या!"