माझ्या नारळाचं गाऱ्हाणं

चीनशी लढाई पेटली तेव्हा मी कोल्हापूरचं कॉलेज अर्धवट टाकून फौजेत गेलो. थोरल्या काकांनी तेव्हा गावभर पेढे वाटले. काही वर्षांनी फौजेतून नाव कापून घेऊन परतलो आणि बी.ए. पुरं करायचं म्हणालो, तर त्याच काकांच्या कपाळाला आठी पडली. वडील नव्हते, घर काकांच्या शब्दावर चालायचं, आणि त्यांना किराणा दुकानात बसवायला फुकटचा दांडगा माणूस हवा होता.

"एवढो घोडो आता पोरांच्या बाकार बसतलो? लोक हसतले."

मला त्या माणसाचा राग होता. अजूनही आहे.

मग सुखरूप परतल्याचा नारळ द्यायला म्हणून त्यांनी मला देवळात नेलं. आमच्याकडे मानकरी देवीला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यामागे होकार देतात. मानकरी काकाच.

"बा देवी माउली, ह्यो झील लढायेतसून जित्तो इलो, ही तुझी कृपा."

"व्हय म्हाराजा."

"आता तेका खंय धाडू नको. दुकानात बसव, घराक आधार दी."

"व्हय म्हाराजा."

त्यात माझाही आवाज होता. लहानपणापासूनची जिभेची सवय, वर फौजेत प्रत्येक हुकमाला 'जी' म्हणून घासलेली. काका वळून हसले. "आयकलंस मा? देवीसमोर तूच व्हय म्हणालंस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईने आणखी एक नारळ आणला होता, तो मी तिच्या हातातून घेतला. काका गुरकावले, पण गुरव शांतपणे म्हणाला, "जेचो नारळ, तेचा गाऱ्हाणा."

मी परेडच्या आवाजात सुरू केलं. "बा देवी माउली, काकाच्या दुकानाक बरकत दी."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या झिलाक उद्याच कॉलेजात धाड. काकाच्याच हातान गाडयेत बसव."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता. म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं.

देवीसमोरचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी तळेऱ्याच्या थांब्यावर माझी ट्रंक त्यांनीच कोल्हापूरच्या गाडीत चढवली. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "नापास झालंस तर माझ्या उंबऱ्यार पाय ठेव नको."

मी पास झालो. आईला कायमची न्यायला गेलो, तेव्हा उंबरा न चढता तिला अंगणातूनच हाक मारली.