पत्र्याचा खांब

मैदानाभोवती बांधकामाचे पत्रे लागलेत. कोपऱ्यातला पत्रा ज्या खांबाला ठोकलाय, तो आमचा खो-खोचा खांब. दर उन्हाळ्यात इथे आळीआळीचे सामने व्हायचे. पळताना त्याला धरून वळणाऱ्या पोरींच्या हातांनी तो मधोमध गुळगुळीत झालाय, म्हणून ओळखला.

आम्हाला खेळ शिकवणारे आप्पा शेजारीच उभे होते. “बांधकामवाले खांब उपटायला आले तेव्हा बुडाशी पाणी मीच ओतलं,” ते म्हणाले. “म्हटलं, मोडायला नको. दुसरीकडे रोवू.”

“दुसरीकडे कुठे, आप्पा?”



मैदान गेलं तरी खेळ अंगातून जात नाही, हेच वाईट. मी खांबाला हात घातला, तशी पावलं आपसूक वळली आणि खांदा पत्र्यावर आदळला.

आप्पांच्या तोंडून जुनंच निघालं, “खांब सोडू नकोस गं.”