खाडीतले चार मासे

मास्तरांच्या उजव्या हाताची नखं कायम हिरवी असायची. चित्रकलेचे मास्तर, तेव्हा लोकांना वाटायचं रंग असेल. रंग कसला, शेवाळ! बायकोच्या खाटेसमोर काचेची टाकी होती, तिच्यातलं शेवाळ ते रोज सकाळी खरवडत बसायचे.

वहिनी कोकणातल्या, खाडीकाठच्या. अकोल्यात क्षयानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांच्या भावानं खाडीतले बोटभर चार काळुंदर मासे डब्यात घालून आगगाडीनं आणून दिले. मी डॉक्टरांचा कंपाउंडर, रोज सुई द्यायला जायचो. मासे बघण्यात वहिनी अशा गुंगायच्या की सुई टोचलेली त्यांना कळायचीसुद्धा नाही.

पाण्याची अडचण नव्हती. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरी खाऱ्याच. मास्तर पाणी चाखून वरून थोडं मीठ घालत. "देवानं आमाले गोड पानी नाई देल्लं, ते असं कामी आलं," म्हणत. छळलं ते शेवाळानं. टाकी खिडकीशी ठेवली की ऊन लागून दोन दिवसांत काच हिरवीगार. कोपऱ्यात सरकवली तर शेवाळ नाही, पण वहिनींना मासेही दिसत नाहीत. "तिले दिसलं पायजे, बस," म्हणत मास्तर टाकी पुन्हा उजेडात आणायचे आणि घोसाळ्याचा वाळका चोथा घेऊन घासायला बसायचे.

त्या उन्हाळ्यात पाणीच हिरवं झालं. मासे दिसेनात, वहिनी रडकुंडीला आल्या. आणि मी शहाणा बोललो, "मास्तर, चिमूटभर मोरचूद टाका न!" आमची अचलपूरकडे संत्र्याची बाग. झाडाला बुरशी लागली की मोरचूद, एवढीच माझी विद्या. अरे, मासा म्हणजे काय संत्र्याचं खोड आहे?

दुसऱ्या दिवशी गेलो, तर काच लख्ख आणि चारही मासे उताणे तरंगत होते.

"काय केलंत हो हे!" वहिनी नवऱ्यावर ओरडल्या.

"माह्याच हातून झालं. चुकलो मी," मास्तर म्हणाले.

मी तिथंच सुई उकळत उभा होतो. एक शब्द बोललो नाही. आजही सांगताना लाज वाटते. वहिनींनी मास्तरांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. माझ्याकडून सुई मात्र रोज मुकाट्यानं घ्यायच्या. महिन्याभरात गेल्या.

तेरवी झाल्यावर धीर करून विचारलं, "मास्तर, माह्यं नाव काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं," मास्तर म्हणाले, "तं तिनं तुमच्या हातची सुई घेतली असती काय?"