शिरगणतीत लिहिलेली आत्या

चुलतभावाच्या मुलीला कॉलेजच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता, आणि दाखल्यासाठी घराण्यातली एखादी जुनी नोंद. भाऊ ट्रॅक्टरच्या कामात गुंतलेला. त्याची बायको म्हणाली, "ताईंना सांगा, त्यांना कागदपत्रातलं कळतं." मी तेव्हा नुकतीच चिंचवडची नोकरी सोडून पिंपळवंडीला येऊन राहिले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकटे पडलेत म्हणून आले असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण असं की मला शहरात बसवत नव्हतं. आता इथंही बसवेना. सकाळी अंगण झाडून झालं की दिवसाचं काय करायचं ते सुचायचं नाही. त्यामुळे हे काम मी झडप घालून घेतलं.

मला वाटलं होतं जुनी जनगणना मागितली की झालं. कोण कोणाचा मुलगा, सगळं ओळीनं मिळेल. जुन्नरच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी समजावलं की तसं नसतं. घरोघर भरलेली पत्रकं ठेवत नाहीत. आकडे निघाले की त्यांचं काम संपतं. पुस्तकात उरतात ती गावातली घरं किती, पुरुष किती, बायका किती. ते पुस्तकही त्यांनी दाखवलं. पिंपळवंडीची ओळ मी बोट ठेवून वाचली. माझे पणजोबा त्या एका आकड्यात कुठंतरी होते, पण कुठं ते सांगायला कोणी नव्हतं.

"एक्कावन्नचं बघा," त्या म्हणाल्या. "त्या शिरगणतीवरनं माणसांच्या नावांची रजिस्टरं केली होती. सगळ्या गावांची न्हाई राहिली. तुमचं नशीब असलं तर असंल."

ते रजिस्टर निघालं. त्यात जातीचा पत्ता नव्हता, म्हणजे दाखल्याला त्याचा काहीच उपयोग नव्हता. पण आमच्या घराचं पान होतं. आजोबा, कुटुंबप्रमुख. आजी, बायको. अण्णा, मुलगा, वय चार. काका, म्हणजे दाखला हवा असलेल्या मुलीचे आजोबा, तान्हे. आणि आजीच्या नावाखाली, अण्णांच्या वर, आणखी एक ओळ. मुलगी, वय नऊ.

अण्णांना बहीण नव्हती. राखी कोणी बांधायचं यावरून काकांची आणि त्यांची थट्टा व्हायची, दोघंही शेजारच्या बाईकडून बांधून घ्यायचे. मी पान पुन्हा वाचलं, वरचं आणि खालचं घर तपासलं. ओळ आमच्याच घरातली होती. मी मोबाईलवर फोटो घेतला आणि नारायणगावच्या गाडीत बसले. घरी पोचेपर्यंत तो फोटो कितीदा उघडला असेल.

अण्णा ओसरीवर शेंगा फोडत होते. मी फोटो मोठा करून दाखवला आणि नाव वाचलं. त्यांचा हात थांबला नाही.

"चुकून लिवलं आसंल," ते म्हणाले. "तवाचे मास्तर घरोघर फिरायचे. कुणाचंबी कुठं लिवायचे."

"नऊ वर्षांची मुलगी चुकून कशी लिहितील?"

"मला काय म्हाईत. मी चार वर्साचा व्हतो."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ते नीट जेवले नाहीत. गोठ्यात जायचे, परत यायचे, उगाच दावं सोडून पुन्हा बांधायचे. माझ्यातली अस्वस्थता त्यांना लागली असं वाटून मी गप्प राहायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बिबट्याच्या भीतीनं गुरं लवकर आत घेताना, तेच म्हणाले, "ती बाय व्हती."

बाय म्हणजे थोरली बहीण.

"आमची न्हवं. वरली, डोंगरातल्या आहुप्याची. तिचा बाप ज्वारी काढायला खाली यायचा. वर लई ओढ व्हती त्या साली, खायाला नव्हतं. आमच्या घरी ठिवून गेला तिला. मला तिनंच वाढीवलं म्हन. कडंवर घिऊन फिरायची. मी मोठा झालो तरी तिच्याच पाठी."

"मग गेली कुठं?"

"बाप आला आन् घिऊन गेला. मी नदीपतुर पळत गेलो व्हतो. तिनं मागं बघितलं न्हाई." गाईच्या पाठीवरून हात फिरवत ते बराच वेळ उभे होते. "घरी येऊन आईला इचारलं, बाय कवा येनार? तर आईनं मला मारलं. म्हनली, तिचं नाव काढायचं न्हाई. मंग न्हाई काढलं."

माझी आजी मला चांगली आठवते. तिनं हात उगारलेला मी पाहिला नव्हता.

चुलतभावाला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गंभीर झाला. "ताई, तिथं मुलगी लिहिलंय ना? उद्या तिची पोरं आली न् म्हणली आमचा वाटा द्या, तर? आपली जमीन रोडला लागून आहे. कशाला उकरून काढतेस?"

"ती रक्ताची नाही."

"ते तुला न् मला ठाऊक. कागदाला ठाऊक आहे का?"

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच आठवड्यात मी घोडेगावहून आहुप्याची गाडी धरली. भावाला सांगितलं नाही. अण्णांना सांगितलं, तर ते फक्त म्हणाले, "स्वेटर ने. वर गार आसतं."

डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं गाडी चालली होती. भात कापून झालेली खाचरं मोकळी पडली होती आणि कुठं कुठं झोडणी चालली होती. सगळा रस्ता मी स्वतःला विचारत होते की मला नेमकं काय हवंय. पूर्वज शोधायला निघाले होते आणि आता अशा बाईला शोधत होते जी पूर्वज नाहीच. आणि ती जिवंत कशाला असेल? पण परत फिरायचं मनात आलं नाही.

आहुप्यात देवराईच्या अलीकडं काही म्हातारे उन्हाला बसले होते. रजिस्टरातलं नाव सांगितलं तर कोणी ओळखेना. ते नाव बहुतेक आमच्याच घरानं ठेवलेलं असावं. मग म्हटलं, "लहानपणी खाली पिंपळवंडीला राहिलेली पोर. बाप खाली ज्वारी काढायला जायचा."

"ती व्हय," एक म्हातारा लगेच म्हणाला. "तिला आमी खालची म्हनायचो. हेल काढून खालच्यावानी बोलायची. तळेघरला दिलीय. हाये की. मागच्या साली लग्नात भेटली व्हती."

ती आहे हे ऐकून मी त्यांच्याशेजारी बसून घेतलं. त्यांनी पाणी दिलं. गाडी उशिरा होती. तेवढ्या वेळात मी देवराईच्या तोंडापर्यंत जाऊन दोनदा परत आले.

तळेघरला मी पुढच्या सोमवारी गेले. वाडी रस्त्यापासून आत होती, बराच चढ चालावा लागला. घरापुढच्या खळ्यावर नाचणीची कणसं वाळत पडली होती आणि त्यांच्यापाशी एक बारीक अंगाची म्हातारी काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. मी कुठून आले ते सांगितलं. कोणाची मुलगी तेही.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्याचं नाक न्हाई तुला," ती म्हणाली. "जिता हाये का त्यो?"

"आहेत. गुडघे दुखतात, बाकी बरं आहे."

"बस मंग."

तिची नात आतून चहा घेऊन आली. ती मंचरला नर्सिंग शिकत होती, सुट्टीला आली होती. मी फोटो काढला आणि वाचून दाखवलं. आजीच्या खाली, अण्णांच्या वर, मुलगी, वय नऊ.

म्हातारी ऐकत राहिली. "लेक लिवलंय?"

"हो."

"तुज्या आजीनं?"

"घरात तीच असणार. मास्तरांनी विचारलं असेल, तिनं सांगितलं असेल."

मला वाटलं होतं ती रडेल, निदान डोळे तरी पुसेल. ती विचार करत होती. "मी गोठ्यात निजायची," ती म्हणाली. "शेन काढायची, पानी आनायची, तुज्या बापाला संबाळायची. समद्यांचं झालं की मग माझं ताट. उपाशी न्हाई ठिवलं, खोटं कशाला बोलू. पर लेक?" तिनं मान हलवली. "दुसऱ्याची पोर कामाला ठिवलीय म्हनून सायेब काय म्हनंल, आसं वाटलं आसंल तिला."

गाडीत मी मनाशी जुळवलेलं सगळं विस्कटलं होतं.

थोड्या वेळानं तीच पुन्हा म्हणाली, "जायच्या दिवशी तिनं माज्या डोक्याला त्याल लावलं. लई लावलं, मानंवरनं गळायला लागलं. एक शबूद बोलली न्हाई. बापानं चल म्हनलं तरी विंचरतच व्हती. आता त्ये काय समजायचं, तूच सांग."

ते मला अजूनही सांगता येत नाही. आजी बोलायला उरलेली नाही.

निघताना नात वाडीच्या खालपर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "ताई, तो फोटो कुठं दिलाय का?"

"नाही. का?"

"माझ्या जमातीच्या दाखल्याची पडताळणी चालू आहे. आमची आज्जी कोण, कुठली, सगळं विचारतात. तुमच्या घरात तिला मुलगी लिहिलंय असा कागद पुढं आला तर आमचं अडकंल. आम्ही वरचेच, पण सिद्ध करत बसावं लागंल." ती अजिजीनं बोलत नव्हती, सरळ सांगत होती. "आज्जीला भेटायला कधीपण या. फक्त तो कागद नको."

म्हणजे खाली माझ्या भावाला ती ओळ नको होती आणि वर हिलाही नको होती. दोघांचीही कारणं खरी होती. मी तिला शब्द दिला. गाडीत बसल्यावर फोटो पुसून टाकायला मोबाईल उघडला आणि तसाच बंद केला.

घरी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं, गोठ्याचं आणि तेलाचंही. फक्त "जिता हाये का" हे तिनं कसं विचारलं ते दोनदा सांगावं लागलं. सकाळी उठून पाहते तर ते धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसलेले.

"एवढा चढ चालणार आहात का?"

"बसत बसत जाऊ."

भावानं गाडी दिली. का जायचंय ते मी त्याला आता सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "म्हातारा माणूस आहे, नाही कसं म्हणू. पण सही कुठं करू नका." ड्रायव्हर म्हणून त्यानं ओळखीतला एकजण दिला. तळेघरपासून अण्णा खरंच बसत बसत चढले. प्रत्येक बांधावर थांबायचे, मला वाटायचं आता परत चला म्हणतील, आणि उठून पुन्हा चालायला लागायचे.

ती खळ्यावरच होती. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. अण्णांनी तिच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं साथ दिली नाही, तिनं दंडाला धरून त्यांना खाटेवर बसवलं.

"जड झालास," ती म्हणाली.

"मागं का न्हाई बघितलं तू?" अण्णांनी विचारलं. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, एकदम हेच. सत्तर वर्षांहून जास्त काळ ते तोंडात धरून बसल्यासारखे.

"बघितलं आस्तं तर तू पान्यात आला आस्तास," ती म्हणाली. "नदीला पानी व्हतं."

अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग त्यांनी यंदाच्या भाताचं विचारलं, आणि ती भाताचं सांगू लागली. मी मात्र खळ्याच्या कडेनं येरझाऱ्या घालत होते. नात म्हणाली, "ताई, बसा की." बसले आणि लगेच उठले.

जेवण झालं. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी. तिनं अण्णांना पहिलं वाढलं आणि स्वतः त्यांच्याबरोबर ताट घेऊन बसली. ऊन कलल्यावर मी निघायचं म्हटलं, कारण खाली बिबट्याच्या भीतीनं उसाच्या रस्त्यानं अंधारात जायला ड्रायव्हर तयार नव्हता.

"तू जा," अण्णा म्हणाले. "मी ऱ्हातो."

"इथं? तुमच्या गोळ्या?"

"खिशात हायेत."

मी म्हातारीकडं पाहिलं. ती कणसं गोळा करत होती. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जागा हाये."

ते आठवडाभर राहिले. मी रोज फोन करायचे. रेंज नसायची, लागला तर नात म्हणायची, दोघं उन्हाला बसलेत. त्याच आठवड्यात भाचीच्या अर्जाबरोबर जोडायची वंशावळ मी लिहून दिली. हवी ती नोंद शेवटी एका जुन्या शाळेच्या दाखल्यात सापडली होती. पणजोबा, आजोबा, अण्णा, काका, भाऊ, भाची. आजोबांच्या खाली दोन रेघा ओढल्या, अण्णांची आणि काकांची. तिसरी ओढली नाही. वर दिलेला शब्द पाळला, खाली भावाचंही मन राखलं, आणि कायद्यानं वंशावळ बरोबरच होती. भावानं ती वाचून समाधानानं मान हलवली. मला मात्र खोटं लिहिल्यासारखं वाटत राहिलं.

भाचीला दाखला मिळाला. माझं काम संपायला हवं होतं. पण मधूनच मी जुन्नरला जाते, त्या बाई आता मला ओळखतात, खुर्ची देतात. काय पाहिजे असं त्यांनी विचारलं की मी आणखी कुठल्यातरी सालाचं काहीतरी सांगते. खरं तर मला त्या मास्तरांनी दारात उभं राहून काय विचारलं आणि आजीनं कुठल्या आवाजात उत्तर दिलं ते ऐकायचं असतं, आणि ते कुठल्याच दप्तरात नाही हे मलाही कळतं.

अण्णा महिन्यातून एकदा तळेघरला जातात. पुढच्या वेळी तिला खाली आणायचं म्हणतात. ती म्हणते, तुमच्याकडं लई गरम व्हतं, तूच ये.